घरच्या कॉम्प्युटरवर लिनक्स: फॉरमॅट मारायच्या आधी

लिनक्स म्हणजे विंडोजऐवजी कॉम्प्युटरवर टाकता येणारी दुसरी सिस्टिम. आधी ती कोणी टाकू नये ते सांगतो, म्हणजे ज्यांना नको त्यांचा वेळ वाचेल.

घरच्या कॉम्प्युटरवर टॅली चालत असेल, तर विंडोज काढू नका. कुणी कोरलड्रॉवर फ्लेक्स किंवा लग्नपत्रिका करत असेल, आपले सरकार सेवा केंद्राचं काम असेल आणि त्याला अंगठ्याचं मशीन जोडलेलं असेल, डिजिटल सहीचं टोकन लावून टेंडर भरले जात असतील, तरीही काढू नका. पोरगी जीसीसी-टीबीसीच्या मराठी टायपिंगची तयारी करत असेल आणि संस्थेनं दिलेलं सरावाचं सॉफ्टवेअर विंडोजचं असेल, तर परीक्षा होऊ द्या. ब्लूस्टॅक्सवर (मोबाइलचे गेम कॉम्प्युटरवर चालवणारा प्रोग्राम) फ्री फायर खेळणारी पोरं घरात असतील तर त्यांनाही आधीच सांगा, कारण ब्लूस्टॅक्स लिनक्ससाठी निघत नाही. वाइन नावाची एक सोय आहे, तिच्यातून विंडोजचे काही प्रोग्राम लिनक्सवर ओढूनताणून चालतात. पण ज्या कामावर घरात पैसा येतो ते ओढूनताणून चालवू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

बाकीच्या घरांत कॉम्प्युटरवर होतं काय? सातबारा नि आठ-अ काढणं, महाडीबीटीचा अर्ज, पीक विम्याची पावती, पोरांचे ॲडमिशन फॉर्म, यूट्यूब, व्हॉट्सॲप वेब, आणि महिन्याकाठी एखादा अर्ज टाइप करून प्रिंट. यातलं जवळपास सगळं ब्राउझरमध्ये होतं. ब्राउझर तोच असला की खाली विंडोज आहे का लिनक्स, हे त्या साइटला घेणंदेणं नसतं.

घाई का, तर विंडोज १०चा पाठिंबा मायक्रोसॉफ्टनं १४ ऑक्टोबर २०२५ला संपवला. नाव नोंदवून घेणाऱ्या घरगुती कॉम्प्युटरला १३ ऑक्टोबर २०२६पर्यंत सुरक्षेचे वाढीव अपडेट मिळतात, त्यापुढं नाही. विंडोज ११ला टीपीएम २.० ही सुरक्षा चिप आणि बऱ्यापैकी नवा प्रोसेसर लागतो. इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा. आपल्याकडच्या घरांत दुसऱ्या-तिसऱ्या पिढीचे कोअर आय ३ अजून मजेत चालतात, ते या अटीत बसत नाहीत. मग तालुक्याच्या दुकानात नेऊन "विंडोज मारून दे" म्हणायचं, तो क्रॅक केलेली विंडोज मारून देतो, आणि त्या क्रॅकसोबत काय काय आत येतं ते कुणी पाहत नाही. त्याच कॉम्प्युटरवरून मग बँकेचा पासवर्ड टाकला जातो.

मशीन पाहून घ्या

विंडोजमध्ये 'सेटिंग्ज', मग 'सिस्टिम', मग 'अबाउट' उघडा. रॅम किती, प्रोसेसर कोणता, आणि 'एक्स ६४ बेस्ड प्रोसेसर' असं लिहिलेलं आहे का, एवढं वहीत लिहा. बऱ्याच जुन्या मशीनवर विंडोज ३२ बिटची टाकलेली असते, पण प्रोसेसर ६४ बिटचा असतो. खाली सांगितलेलं लिनक्स ६४ बिटच्या प्रोसेसरवरच चालतं. तेव्हा विंडोज किती बिटची आहे याला महत्त्व नाही, प्रोसेसर पाहा.

४ जीबी रॅमवर काम भागतं, ८ जीबीवर आरामात होतं. २ जीबी असेल तर लिनक्स सुरू होईल, पण क्रोममध्ये चार टॅब उघडले की रडगाणं तेच. अशा मशीनला आधी रॅम वाढवा. रॅमपेक्षाही मोठा फरक एसएसडीनं, म्हणजे आत काही न फिरणाऱ्या डिस्कनं पडतो. जुनी फिरणारी हार्ड डिस्क ठेवून फक्त लिनक्स टाकलं आणि मशीन विमानासारखं पळेल असं कुणी सांगितलं असेल, तर विश्वास ठेवू नका. २४० किंवा २५६ जीबीची साधी साटा एसएसडी टाकली तर दहा-बारा वर्षांचं मशीनही कामाचं होतं. तिचा आणखी एक फायदा आहे, तो पुढं येईल.

उघडलंच आहे तर पंख्यावरची धूळही ब्रशनं काढून घ्या. अकोला, चंद्रपूर, ब्रह्मपुरीकडं मे महिन्यात पारा पंचेचाळिशी गाठतो. तेव्हा धूळ बसलेलं मशीन गरम होऊन आपोआप बंद पडतं आणि नाव लिनक्सचं निघतं.

कोणतं लिनक्स

लिनक्स म्हणजे खरं तर आतला गाभा. लिनस टोरवाल्ड्स यांनी तो १९९१मध्ये लिहायला घेतला. त्याभोवती वेगवेगळ्या लोकांनी वेगवेगळ्या सिस्टिम बांधल्या आहेत: उबुंटू, फेडोरा, डेबियन, आपल्या सी-डॅकचं बॉस, अशी मोठी यादी आहे. ती यादी वाचत बसू नका. विंडोजवरून येणाऱ्या घरासाठी लिनक्स मिंट घ्या. खाली डावीकडं मेन्यू, खाली पट्टी, उजवीकडं घड्याळ. बाबांना वेगळं काही शिकवावं लागत नाही. २२च्या मालिकेतलं सगळ्यात नवं घ्या. ही मालिका उबुंटू २४.०४वर उभी आहे आणि तिला एप्रिल २०२९पर्यंत अपडेट मिळतात. ८ जीबी रॅम असेल तर सिनॅमन आवृत्ती, ४ जीबी असेल तर एक्सएफसीई. एक्सएफसीई दिसायला साधी आहे, पण हलकी आहे.

महिनाभर विंडोजवरच राहा

हे बहुतेक लोक करत नाहीत आणि मग लिनक्सवर आठवडाभरात वैतागतात. सिस्टिम बदलायच्या आधी प्रोग्राम बदला. विंडोजवरच लिबरऑफिस, फायरफॉक्स आणि व्हीएलसी टाका. महिनाभर सगळे अर्ज, हिशेब लिबरऑफिसमध्येच करा. पोराला एमएस-सीआयटीसाठी वर्ड-एक्सेलच लागत असेल तर ते याच महिन्यात कळेल. हे तिन्ही प्रोग्राम लिनक्सवर जसेच्या तसे आहेत, तेव्हा पुढं सिस्टिम बदलेल पण रोज उघडायच्या खिडक्या ओळखीच्या राहतील.

याच महिन्यात एक वही घ्या. घरात कोण कॉम्प्युटरवर बसलं, काय उघडलं, काय प्रिंट केलं, कोणतं यंत्र जोडलं, ते लिहून ठेवा. वर्षातून एकदाच लागणारं काम यात सुटतं, म्हणून मागच्या जूनमध्ये ॲडमिशनच्या वेळी आणि पेरणीच्या दिवसांत काय काय केलं होतं तेही आठवून लिहा.

सी, डी आणि ई

या लेखातला हा भाग दोनदा वाचा. बाकीचं सगळं चुकलं तरी दुरुस्त होतं, हे होत नाही.

आपल्याकडं दुकानदार कॉम्प्युटर जोडून देतो तेव्हा एकाच हार्ड डिस्कचे तीन भाग पाडून देतो: सी, डी आणि ई. वर्षानुवर्षं आपल्या डोक्यात बसलेलं असतं की फॉरमॅट मारला तर सी जातो, डी आणि ई तसेच राहतात. विंडोज मारणारा पोरगा खरंच तेवढंच करतो. म्हणून लोक फोटो ई ड्राइव्हमध्ये टाकून निर्धास्त राहतात. लिनक्सचा इन्स्टॉलर मात्र सी, डी, ई ही नावं ओळखत नाही. त्याला दिसते ती अख्खी डिस्क. त्यात 'इरेज डिस्क अँड इन्स्टॉल लिनक्स मिंट' असा पर्याय असतो, आणि डिस्क म्हणजे तिन्ही ड्राइव्ह मिळून. तो निवडून पुढं गेलं की सी, डी, ई सगळं साफ. "ई मंदी ठेवलं होतं ना भाऊ, थे कुठी गेलं?" हा प्रश्न त्यानंतर येतो, आणि त्याला उत्तर नसतं.

म्हणून पहिलं काम बॅकअप. बाहेरची हार्ड डिस्क असेल तर उत्तम, नसेल तर दोन मोठे पेनड्राइव्ह. सी ड्राइव्हमधला डेस्कटॉप, डाउनलोड्स आणि डॉक्युमेंट्स हे फोल्डर लोक हमखास विसरतात, कारण ते 'ड्राइव्ह'मध्ये आहेत असं वाटतच नाही. तिथंच जात वैधतेचं स्कॅन, नॉन-क्रिमीलेअर, पोराच्या टीसीची पीडीएफ पडलेली असते. कृतिदेवसारखे जुने फॉन्ट वापरत असाल तर ते फॉन्टही कॉपी करा. ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड खात्याशी जोडून घ्या नाहीतर वहीत उतरवा. कॉपी झाली की तो पेनड्राइव्ह दुसऱ्याच कॉम्प्युटरला लावून पाच-सहा फायली उघडून पाहा. उघडल्या तर तो बॅकअप, नाहीतर नुसती समजूत.

दुसरं काम: विंडोजमध्ये 'डिस्क मॅनेजमेंट' उघडा. स्टार्टच्या बटणावर उजवी क्लिक केली की यादीत सापडतं. तिथं प्रत्येक ड्राइव्हचा आकार दिसतो. समजा सी ९७ जीबी, डी १८४ जीबी, ई १८३ जीबी. हे आकडे डावीकडून उजवीकडं त्याच क्रमानं वहीत लिहा, आणि प्रत्येकात किती जागा भरलेली आहे तेही. लिनक्सच्या इन्स्टॉलरमध्ये तुम्हाला ड्राइव्ह ओळखायचा असेल तो या आकड्यांवरून. वरच्या उदाहरणात डी आणि ई जवळपास सारखे आहेत. अशा वेळी भरलेली जागाच कामी येते.

तिसरं: कंट्रोल पॅनलमध्ये पॉवर ऑप्शन्समधून 'फास्ट स्टार्टअप' बंद करा. ते चालू असलं की विंडोज पूर्ण बंद होतच नाही, अर्धवट झोपते, आणि मग लिनक्समधून डी ड्राइव्ह उघडला तरी त्यात काही लिहिता येत नाही. नव्या लॅपटॉपवर बिटलॉकर किंवा 'डिव्हाइस एन्क्रिप्शन' (डिस्क कुलूपबंद करणारी सोय) चालू आहे का तेही पाहा. चालू असेल तर रिकव्हरी की वहीत लिहून घ्या आणि एन्क्रिप्शन बंद करून ते पूर्ण उतरेपर्यंत थांबा.

लॅपटॉपसोबत मूळची विंडोज आली असेल तर ती गेली तरी तिचा परवाना जात नाही. विंडोज ८च्या पुढच्या लॅपटॉपमध्ये तो मशीनच्या आतच नोंदलेला असतो. ही भीती मनातून काढा.

फाइल उतरवणं आणि पेनड्राइव्ह

मिंटची आयएसओ फाइल, म्हणजे अख्खी सिस्टिम जिच्यात असते ती एक फाइल, ३ जीबीच्या आसपास भरते. मोबाइलच्या पॅकवर रोज दीड जीबी मिळत असेल तर ती एका दिवसात उतरत नाही, आणि मध्येच रेंज गेली की ब्राउझर पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो. मिंटच्या साइटवर टॉरेंटचा पर्याय असतो, तो घ्या. टॉरेंट जिथं थांबलं तिथूनच पुढं चालतं, आज अर्धं उद्या अर्धं असं जमतं. तालुक्याला कुणाकडं फायबर असेल तर त्याच्याकडून पेनड्राइव्हवर आणणं आणखी सोपं.

कशीही आणा, फाइल तपासा. साइटवर त्या फाइलची एसएचए-२५६ नावाची लांबलचक अक्षर-आकड्यांची ओळ दिलेली असते. विंडोजवर सेव्हन-झिप टाकलेलं असेल तर फाइलवर उजवी क्लिक करून तीच ओळ काढता येते. दोन्ही जुळल्या पाहिजेत. सुरुवातीची आठ आणि शेवटची आठ अक्षरं जुळली तरी घरगुती कामाला पुरे. उतरवताना बिघडलेल्या फाइलची ओळ सगळीच वेगळी येते.

आता ८ जीबीचा पेनड्राइव्ह घ्या. त्यातलं सगळं पुसलं जाणार आहे, तेव्हा लग्नाच्या व्हिडिओचा घेऊ नका. विंडोजवर रूफस (आयएसओपासून सुरू होणारा पेनड्राइव्ह बनवणारा प्रोग्राम) उघडा, आयएसओ निवडा, पार्टिशन स्कीम एमबीआर ठेवा म्हणजे जुन्या-नव्या दोन्ही मशीनवर चालेल, आणि स्टार्ट दाबा. वर कोणता पेनड्राइव्ह निवडलेला आहे ते वाचून मगच दाबा; बॅकअपचा पेनड्राइव्ह त्या वेळी मशीनला लावलेला नसावा.

न टाकता चालवून पाहा

पेनड्राइव्ह लावून कॉम्प्युटर सुरू करा आणि सुरू होतानाच बूट मेन्यूची, म्हणजे कशावरून सुरू करायचं ते विचारणाऱ्या यादीची कळ दाबत राहा. डेल आणि लेनोवोवर बहुधा एफ१२, एचपीवर एफ९, एसरवर एफ१२ (पण ती आधी बायोसमध्ये, म्हणजे मशीन सुरू होताना उघडायच्या सेटिंगमध्ये, चालू करावी लागते), एसुसच्या लॅपटॉपवर एस्केप. जोडलेल्या डेस्कटॉपवर मदरबोर्ड पाहा: गिगाबाइटला एफ१२, एमएसआयला एफ११, एसुसला एफ८. यादीतून पेनड्राइव्ह निवडला की मिंट थेट पेनड्राइव्हवरून सुरू होतं. हार्ड डिस्कला अजून हातही लागलेला नसतो.

याला लाइव्ह म्हणतात, आणि इथं एक संध्याकाळ घालवा. वेग पाहू नका, पेनड्राइव्हवरून हळूच चालतं. पाहायचं ते हे: वायफाय दिसतं का, आवाज येतो का, कॅमेरा चालतो का, लॅपटॉपचा उजेड कमी-जास्त होतो का, झाकण लावून उघडल्यावर जागा होतो का. प्रिंटर लावून एक पान काढा. वहीतली प्रत्येक साइट उघडून पाहा.

वायफाय दिसलंच नाही तर घाबरायचं कारण नाही. ब्रॉडकॉम आणि रिअलटेकच्या काही चिपना वेगळा ड्रायव्हर लागतो आणि तो आणायला इंटरनेट लागतं, म्हणजे गाडं अडलं. तेव्हा अँड्रॉइड फोन चार्जिंगच्या डेटा केबलनं जोडा आणि फोनमध्ये 'यूएसबी टेदरिंग' चालू करा. मिंटला ते तारेचं इंटरनेट वाटतं, कोणताही ड्रायव्हर लागत नाही. मग पुढं कायमचं टाकून झाल्यावर 'ड्रायव्हर मॅनेजर' उघडून वायफायचा ड्रायव्हर घ्यायचा. आपल्या गावांत हॉटस्पॉटपेक्षा हे टेदरिंगच मला जास्त भरवशाचं वाटतं, फोनची बॅटरीही उतरत नाही.

आता टाकायचं

वेळ निवडा. इन्स्टॉल अर्ध्या-पाऊण तासाचं काम आहे, पण तेवढ्यात लाइन जायला नको. लॅपटॉप पूर्ण चार्ज करा. डेस्कटॉपला यूपीएस नसेल तर गावठाण फीडरची लाइन ज्या वेळी टिकते ती वेळ धरा. उन्हाळ्यात ती पहाटेची. कूलर बंद ठेवा, तो सुरू होताना व्होल्टेज खाली बसतो आणि मशीनला वीज पुरवणारा एसएमपीएस कमजोर असेल तर त्यालाच दगा देतो. फायली कॉपी होताना लाइन गेली तर पुन्हा पहिल्यापासून टाकता येतं. ड्राइव्ह लहान-मोठा करत असताना गेली तर त्यातला डेटा जाऊ शकतो. म्हणून मी खाली जे दोन मार्ग देतो त्यांत ड्राइव्ह लहान-मोठा करणं कुठंच नाही.

पहिला मार्ग, आणि डेस्कटॉप असेल तर मी हाच सांगेन: नवी एसएसडी. कॅबिनेट उघडा, जुन्या हार्ड डिस्कची वायर काढून ठेवा, नवी एसएसडी लावा. आता मशीनमध्ये पुसण्यासारखं काहीच नाही. पेनड्राइव्हवरून मिंट सुरू करा, डेस्कटॉपवरचं 'इन्स्टॉल लिनक्स मिंट' दाबा, आणि 'इरेज डिस्क' बेधडक निवडा. सगळं आटोपून मिंट एसएसडीवरून सुरू झालं की मशीन बंद करून जुनी डिस्क परत जोडा. जुन्या डिस्कवर विंडोज, डी, ई सगळं जसंच्या तसं आहे. विंडोज लागली तर सुरू होताना बूट मेन्यूतून जुनी डिस्क निवडायची. दोन सिस्टिम एकमेकींच्या वाटेला जात नाहीत. एसएसडीचा जो दुसरा फायदा म्हणालो तो हा.

दुसरा मार्ग, लॅपटॉपसाठी किंवा एसएसडी घ्यायची नसेल तेव्हा: शेवटचा ड्राइव्ह, म्हणजे ई, पूर्ण रिकामा करून तो लिनक्सला द्यायचा. त्यातलं सगळं डीमध्ये आणि बाहेरच्या डिस्कवर हलवा. ५० जीबी असला तरी भागतं, १०० असला तर उत्तम. रिकामा केल्यावर वहीत लिहा: ई, १८३ जीबी, भरलेली जागा जवळपास शून्य. आता तो डीपेक्षा पटकन वेगळा ओळखू येईल.

इन्स्टॉलर आधी भाषा विचारतो. यादीत मराठी आहे, पण मी इंग्रजीच निवडायला सांगतो. मराठी भाषांतर सगळीकडं पूर्ण नाही, आणि काही अडलं तर फोनवर समजावणाऱ्यालाही इंग्रजी नावंच माहीत असतात. कीबोर्डमध्ये 'इंग्लिश, इंडिया, विथ रुपी' निवडा. उजवी ऑल्ट दाबून ४ दाबला की रुपयाचं चिन्ह येतं. इथं मराठी कीबोर्ड निवडू नका, नाहीतर पासवर्ड टाकताना अडाल. 'मल्टीमीडिया कोडेक्स'वर खूण करा. एखादा ड्राइव्ह उघडा असेल तर तो 'अनमाउंट' करायचा का असं विचारतो, होय म्हणा.

मग येतो प्रकार निवडण्याचा पडदा. इथं 'इरेज डिस्क' नाही, 'अलाँगसाइड'ही नाही. 'समथिंग एल्स' निवडा. 'अलाँगसाइड' म्हणजे विंडोजशेजारी टाका. ते बरं दिसतं, पण ते कोणता तरी ड्राइव्ह लहान करून जागा काढतं, आणि तीन ड्राइव्ह असलेल्या डिस्कवर तो कोणता हे नवख्याला नीट कळत नाही.

'समथिंग एल्स'मध्ये डिस्कच्या भागांची यादी दिसते. साध्या डिस्कवर त्यांची नावं एसडीए१, एसडीए२ अशी असतात. शेजारी आकार आणि वापरलेली जागा दिलेली असते. वही काढा. १८३ जीबीचा आणि जवळपास रिकामा भाग शोधा. इन्स्टॉलर जीबी वेगळ्या पद्धतीनं मोजतो, त्यामुळं विंडोजमधले १८३ इथं १९६च्या आसपास दिसतील. सगळेच आकडे त्याच प्रमाणात वाढलेले दिसतात, क्रम तोच राहतो. तो भाग निवडून 'चेंज' दाबा. 'यूज ॲज'मध्ये 'एक्स्ट ४' घ्या, 'फॉरमॅट'वर खूण करा, 'माउंट पॉइंट'मध्ये नुसती तिरपी रेघ, म्हणजे स्लॅश. ओके केल्यावर यादीत पाहा: फॉरमॅटची खूण फक्त त्याच एका ओळीवर असली पाहिजे. इतर कुठल्याही ओळीवर असेल तर मागं या. खाली बूटलोडरसाठी (सुरुवातीला सिस्टिम उघडून देणारा भाग) अख्खी डिस्क निवडलेली असते, ती तशीच राहू द्या. नव्या मशीनवर एक छोटा 'ईएफआय' भाग दिसेल, त्याला हात लावू नका.

'इन्स्टॉल नाऊ' दाबल्यावर कोणते बदल होणार त्याची एक यादी शेवटची दाखवतात. ती वाचा. तिथवर काहीच पुसलेलं नसतं. घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी वहीतला आकडा वाचायला लावा आणि तुम्ही पडद्यावरचा वाचा. जुळला तर पुढं.

पुढं वेळेसाठी नकाशावर कोलकाता, मग नाव आणि पासवर्ड. पासवर्ड वहीत लिहा. सॉफ्टवेअर टाकताना, अपडेट करताना तो मागणार आहे.

पहिल्या आठवड्यात

सुरू झाल्यावर 'अपडेट मॅनेजर' उघडा. पहिलं अपडेट मोठं असतं, दिवसाचा पॅक एका बैठकीत संपू शकतो, म्हणून ते रात्री बारानंतर नवा डेटा मिळाल्यावर केलं तरी चालेल. मग 'टाइमशिफ्ट'मध्ये एक स्नॅपशॉट घ्या. उद्या एखाद्या अपडेटनं बिघडलं तर सिस्टिम या दिवसावर परत आणता येते. तुमचे फोटो-फायली त्यात येत नाहीत, तो बॅकअप वेगळाच ठेवायचा.

दोन्ही सिस्टिम असलेल्या मशीनवर कधीकधी विंडोजचं घड्याळ साडेपाच तास मागं दिसतं. मदरबोर्डवरचा सेल गेला नाही. लिनक्स मशीनच्या घड्याळात ग्रीनिचची वेळ लिहितं आणि विंडोज तीच भारताची समजते. विंडोजमध्ये वेळेच्या सेटिंगमधून 'सिंक नाऊ' दाबलं की जागेवर येतं.

झेरॉक्सच्या दुकानातून आणलेल्या पेनड्राइव्हमधल्या शॉर्टकट व्हायरसची डोकेदुखी इथं कमी होते. विंडोजवर लपवलेलं खरं फोल्डर इथं बहुधा शॉर्टकटशेजारीच दिसतं; नाही दिसलं तर कंट्रोल आणि एच दाबून पाहा. ते कॉपी करून घ्या. शॉर्टकट इथं चालत नाहीत, पण तोच पेनड्राइव्ह दुसऱ्याच्या विंडोजला लावाल तर त्याला मात्र बाधा होईल.

बाबांसाठी 'वेब ॲप्स' नावाचं एक साधन मिंटमध्ये आहे. त्यातून भूमी अभिलेखाची, महाडीबीटीची साइट आणि व्हॉट्सॲप वेब यांची वेगवेगळी चिन्हं बनवून डेस्कटॉपवर ठेवा. "हे दाबा, सातबारा" एवढं सांगितलं की शिकवणी संपली.

मराठी टाइप करायचं तर

कीबोर्डच्या सेटिंगमध्ये 'लेआउट्स'मध्ये जाऊन अधिकच्या चिन्हावर भारतीय भाषांतला हवा तो घ्या. विंडोजवर इनस्क्रिप्टनं टाइप करत असाल तर काहीच बदलत नाही: ळसाठी शिफ्ट-एन, 'ऱ्या'मधल्या ऱसाठी शिफ्ट-जे, ॲच्या चंद्रासाठी शिफ्ट-२. इंग्रजी अक्षरांत लिहून मराठी उमटवायची सवय असेल तर आयबस या भाषा टाइप करायच्या सोयीचा एम१७एन हा भाग 'सॉफ्टवेअर मॅनेजर'मधून टाका, त्यात मराठीचे पर्याय मिळतात.

कृतिदेववाल्यांचं वेगळं आहे. फॉन्टच्या फाइलवर दोनदा क्लिक करून तो बसवला की जुन्या फायली वाचता येतात, नवंही लिहिता येतं. पण ऑल्ट धरून आकडे दाबून जी अर्धी अक्षरं काढायची सवय असते, ते लिनक्सवर होत नाही. नवं लिखाण युनिकोडमध्ये सुरू करायला हे निमित्त चांगलं आहे.

विंडोजवर मंगल फॉन्टमध्ये केलेला अर्ज इथं उघडला तर मंगल नसल्यामुळं दुसरा फॉन्ट बसतो आणि एका पानाचा अर्ज दीड पान होतो. दुकानात प्रिंटसाठी नेताना नेहमी पीडीएफ करून न्या. लिबरऑफिसमध्ये वरच्या पट्टीवरच बटण आहे.

प्रिंटर

एचपीचे बरेच प्रिंटर लावले की चालतात. लेझरजेट १०२०सारख्या जुन्या मॉडेलला एचपीचा एक प्लगइन इंटरनेटवरून घ्यावा लागतो, एकदाच. एपसनच्या एल मालिकेचे ड्रायव्हर मिळतात. अडतं ते कॅननच्या एलबीपी २९००शी, आणि नेमका तोच घरोघर नि दुकानोदुकानी आहे. तो कॅप्ट नावाच्या कॅननच्या स्वतःच्या पद्धतीनं बोलतो. लिनक्सवर त्याला चालवायचे उपाय आहेत, पण नवख्यानं त्यात पडू नये. तो असेल तर विंडोज ठेवा आणि प्रिंट तिकडून काढा, किंवा लाइव्हमध्ये चालतो का ते पाहून मगच ठरवा.

नाही जमलं तर परत कसं जायचं

एसएसडीवर टाकलं असेल तर प्रश्नच नाही, बूट मेन्यूतून जुनी डिस्क निवडायची.

ई ड्राइव्ह दिला असेल तर लोक विंडोजमध्ये जातात, डिस्क मॅनेजमेंटमधून लिनक्सचा भाग उडवतात, आणि पुढच्या वेळी काळ्या पडद्यावर 'ग्रब रेस्क्यू' लिहून येतं. विंडोजही सुरू होत नाही. कारण सुरुवातीला कोणती सिस्टिम उघडायची हे विचारणारा ग्रब त्याच भागात राहत होता. म्हणून क्रम उलटा ठेवा. नव्या, यूईएफआय मशीनवर आधी बायोसमध्ये जाऊन बूटच्या क्रमात 'विंडोज बूट मॅनेजर' पहिला करा, विंडोज आपोआप सुरू होते हे दोनदा पाहा, मग लिनक्सचा भाग काढा. जुन्या मशीनवर विंडोजच्या इन्स्टॉलेशनचा पेनड्राइव्ह लागतो. त्यावरून सुरू करून 'रिपेअर' निवडा, कमांड प्रॉम्प्टमध्ये बूटरेक या कमांडनं एमबीआर, म्हणजे डिस्कच्या सुरुवातीचा बूटचा भाग, दुरुस्त करा. तो पेनड्राइव्ह मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून आधीच, विंडोज धड चालू असतानाच बनवून कपाटात ठेवा, आणि त्यावर चिकटपट्टी लावून नाव लिहा, नाहीतर पोरं त्यात गाणी भरतील.